लिस्बनच्या तिकिटावरचं नाव

९ सप्टेंबर २०१९, सोमवार. आयवालक

आले एकदाची. मागच्या सीटवर माझ्या पुस्तकांची सहा खोकी, आणि हाल्दुन अजून लंगडतोय. शनिवारी लग्नाच्या नोंदणीच्या टेबलाशी सही करताना मी त्याच्या बुटावर टाच अशी काही आपटली की सगळा हॉल हसला. जो आधी पाय देईल त्याचं घरात चालतं म्हणतात. चला, माझं चालणार.

घर आवडलं. दगडी, बंदराच्या मागच्या गल्लीत. पुढं तुनाली कुटुंबाचं ऑलिव्ह तेलाचं दुकान, मागं अंगणाला लागून आम्ही तिघं: मी, हाल्दुन आणि त्याची आई मुनेव्वरबाई. सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. सासूबाईंनी पापालिना मासळी कुरकुरीत तळून ठेवली होती, लिंबू चिरून बाजूला. मी अर्धं ताट एकटीनं संपवलं. त्या मला ‘सूनबाई’ म्हणतात. दिवसभरात नावानं एकदाही हाक मारली नाही. तक्रार नाही, नुसती नोंद.

तेरा दिवसांनी, २२ तारखेला, आम्ही लिस्बनला. हा प्रवास माझा. तिकिटं मी काढली, पोर्तुगालच्या व्हिसासाठी इझ्मीरच्या तीन खेपा मी घातल्या. तुर्की पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, तिन्हींवर शेरमिन आक्सुंगुर. नाव बदलायचं ते आल्यावर, आणि तेव्हाही दोन्ही आडनावं, माझं आधी. बाबांना मी एकुलती एक. एकतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं त्यांनी. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही, फक्त हॉलच्या दारावरच्या पाटीवर माझ्या पूर्ण नावावरून एकदा बोट फिरवलं. मी पाहिलं ते.

११ सप्टेंबर, बुधवार

आज न्याहारीलाच विषय निघाला. सासूबाईंचं म्हणणं, या घरची सून दुसऱ्या घरचं नाव लावून सरहद्द ओलांडत नाही. प्रवासाआधीच पासपोर्ट बदलून घे. मी समजावलं की व्हिसा जुन्या पासपोर्टात आहे, नवा काढला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या म्हणाल्या, मग लिस्बन राहू दे, समुद्र इथंही आहे.

हाल्दुन ऑलिव्हच्या बिया ताटाच्या कडेला ओळीनं लावत बसला होता.

मी म्हटलं, “आई, विमानात मी बसणार आहे. माझं आडनाव मी काय म्हणून खाली उतरवू?”

त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

दिवस चांगला गेला. ऑक्टोबरपासून जिथं काम करणार त्या औषधांच्या दुकानात सकाळभर होते. कपाटं लावली, जुन्या बाटल्या काढून टाकल्या. परतताना कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले, तर बेकरीवाल्या शाझियेताई म्हणाल्या, पुन्हा आलीस होय? सकाळी दोन पाव नेलेस की. त्यांचा हातसुद्धा मी चुंबून कपाळाला लावला म्हणे. “हल्लीच्या पोरी नाही गं असं करत. मुनेव्वरनं नशीब काढलं.”

कुणीतरी दुसरी असेल, म्हटलं. पण घरी दोन पाव होते. सासूबाई म्हणाल्या, छान आणलेस, आणि चहाचे ग्लासही किती लख्ख घासलेस.

मी घासले नव्हते. हाल्दुनला सांगितलं. तो म्हणाला, आई तुझं कौतुक करतेय, तेवढंही घेता येत नाही का तुला?

१६ सप्टेंबर, सोमवार

टपालानं पासपोर्ट आला. नवा. शेरमिन तुनाली.

मी अर्ज केलेला नाही. त्यासाठी स्वतः जाऊन बसावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात, सही करावी लागते. मी त्या कचेरीच्या दारातही गेलेले नाही.

फोटो माझा. केस मागे घट्ट बांधलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेला करडा ब्लाउज. तसा ब्लाउज माझ्याकडे नाही. सही माझीच, फक्त आडनाव वेगळं. आणि आत पोर्तुगालचा व्हिसा, माझ्या जुन्या व्हिसाच्याच तारखांचा. पाच दिवसांत! मला साडेसात आठवडे लागले होते.

हाल्दुननं मला मिठी मारली. म्हणाला, मला वाटलंच होतं तू आईचं मन राखशील. मी सांगत राहिले की मी नाही केलं हे. त्याला ते विनयासारखं वाटलं.

जुना पासपोर्ट कपाटातून काढला. आता तो माझ्या पर्समध्ये, आणि पर्स खांद्याला. घरातही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

कचेरीत गेले. कारकून बाई सभ्य. म्हणाल्या, बाईसाहेब, बुधवारी अकरा वाजता तुम्हीच आलात, याच खुर्चीत बसलात. तुमच्या सासूबाई बरोबर होत्या. जुना पासपोर्ट तुम्ही जमा केलात, रद्द झाल्याची नोंदही आहे.

जुना पासपोर्ट माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. मी काढून दाखवला नाही. माझ्या हातून घेतला तर मग काय उरेल?

मी हट्ट धरला की ठसे पुन्हा तपासा. त्यांनी यंत्र पुढे सरकवलं. दहाही बोटं ठेवली. त्या पडद्याकडे बघत राहिल्या, मग रुमालानं काच पुसून पुन्हा ठेवायला लावली. तिसऱ्या खेपेला हळूच म्हणाल्या, “हे शेरमिन तुनालींचे ठसे नाहीत. तुम्ही कोण?”

भ्यायला हवं होतं. पण मला बरं वाटलं, देवाशपथ. निदान एक यंत्र तरी खरं बोललं. त्यांना म्हटलं, शेरमिन आक्सुंगुर, लिहून घ्या. त्यांनी लिहिलं नाही. पहारेकऱ्याला हाक मारली. मी ताठ मानेनं बाहेर आले.

१८ सप्टेंबर, बुधवार

बाबांना फोन केला. ते म्हणाले, माझी मुलगी सकाळीच बोलली माझ्याशी, तुम्ही कोण बोलताय?

आवाज माझाच आहे हो बाबा, म्हटलं. हो, म्हणाले, म्हणून तर विचारतोय. त्या बाईनं त्यांना सांगितलं होतं की नाव बदललं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

मग त्यांनी परीक्षा घेतली. सात वर्षांची असताना तुला इंजिनात बसवलं होतं, तेव्हा खिडकीतून काय पडलं? मी म्हटलं, तुमची टोपी, साकार्या नदीच्या पुलावर, आणि तुम्ही साहेबाला सांगितलं की वाऱ्यानं नेली.

“तिनंही हेच सांगितलं,” बाबा म्हणाले.

मी ओरडले. काय काय बोलले आठवत नाही. चोर म्हणाले तिला, त्यांनाही आंधळे म्हणाले. आठवणीसुद्धा घेतल्या त्या बाईनं, आणि तुम्ही परीक्षा कसल्या घेताय!

तेव्हा ते हसले. “ती उत्तर देताना रडली. माझी मुलगी रडून काही मागत नाही, भांडते. तू माझी.” शनिवारी सकाळच्या गाडीनं इझ्मीरला पोचतो, म्हणाले. तोवर जेवत जा.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज फार छान दिवस गेला. आईंबरोबर द्राक्षाच्या पानांचे सारमा वळले. त्यांनी वळायची रीत शिकवली, बोटांत जोर नको म्हणाल्या. हाल्दुनचे शर्ट इस्त्री केले. या घरात किती शांतता आहे! मी उगाच आढेवेढे घेत होते. लिस्बनला जाताना करडा ब्लाउज घालीन.

वरचं मी लिहिलेलं नाही.

अक्षर माझं. शाई माझी. मी दुपारभर औषधांच्या दुकानात होते, वही उशीखाली. फाडून टाकणार होते ते पान. नाही फाडत. राहू दे. पुरावा आहे. आणि तिला कळू दे की मी वाचलंय.

ऐक गं. सारमा तू वळ, शर्ट तू कर. हे नाव माझं आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी एकला घरी आले. अंगणातून जेवणघराची खिडकी दिसते. टेबलाशी तिघं. सासूबाई, हाल्दुन आणि मी.

मी पाठमोरी होते. हाल्दुनच्या ताटात भात वाढत होते. तो मान वर करून हसला तिच्याकडे. माझ्याकडे असा कधी हसला नव्हता.

सासूबाईंनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत. उठल्या, पडदा ओढला आणि अंगणात आल्या. मी विचारलं, ती कोण आहे? त्या विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या, मलाही बसायची खूण केली. मी बसले नाही.

“मीही भांडले होते,” त्या म्हणाल्या. “आठ दिवस. माझं आडनाव दोरुक. वडील शाळामास्तर. नाही बदलणार म्हटलं. मग एका सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर मी आधीच तिथं होते. चहा ओतत होते.”

मी विचारलं, मग आत्ता माझ्याशी बोलतंय ते कोण?

“मी मुनेव्वर तुनाली. चहा ओतत होते ती.”

“आणि दारात उभी होती ती?”

“गेली असेल कुठंतरी. तिची चौकशी कुणी केली नाही, पोरी.” माझ्या दंडावर हात ठेवला त्यांनी. हात ऊबदार होता, त्याचीच जास्त भीती वाटली. “तुझीही कुणी करणार नाही. आत ये म्हणत नाही मी, आत तू आहेसच. तू फक्त जा.”

जाणार होतेच. पण लपूनछपून नाही. दार उघडून जेवणघरात गेले. ती खुर्ची रिकामी होती, ताटात अर्धा भात, वाफ येत होती. हाल्दुन विचारत होता, मध्येच उठून कुठं गेली होतीस? मी त्याला म्हटलं, हाल्दुन, माझ्याकडे नीट बघ. लग्नाला हो कुणी म्हटलं होतं?

त्यानं बघितलं. खरंच बघितलं. त्याला कळलं, मी शपथेवर सांगते, कळलं. आणि मग तो म्हणाला, “तू शांत असतेस तेव्हा किती बरं असतं गं.”

मग मी निघाले. पुस्तकं तिथंच राहिली.

२१ सप्टेंबर, शनिवार. इझ्मीर

बाबा भेटले. फलाटावर आधी माझ्या डोळ्यांत बघितलं, मग मिठी. स्टेशनसमोर खोली घेतलीय. ते म्हणतात घरी, एस्किशेहिरला चल. नाही. उद्या विमानतळावर जाणार. तिकीट माझं आहे.

हाल्दुन नको आता. तो तिला लखलाभ. पण मी चोरासारखी मागच्या दारानं गेले तर सासूबाई म्हणाल्या तेच होईल. कुणी चौकशी करणार नाही. मला चौकशी हवीय.

आज लॉजच्या वहीत नाव लिहिताना पेन ‘शेरमिन’ नंतर आपोआप ‘तु’कडे वळलं. खोडलं. बाबांनी पाहिलं.

२२ सप्टेंबर, रविवार. विमानतळ

जुना पासपोर्ट खिडकीत दिला. रद्द आहे म्हणाले. मला माहीत होतं. म्हटलं, मग तुमच्या साहेबांना बोलवा, या फोटोतल्या बाईच्या नावानं दुसरी एक आज याच विमानात बसतेय. मोठ्यानं म्हटलं. रांग थांबली. आता एका खोलीत बसवलंय. बाबा शेजारी.

तिला आणलं. करडा ब्लाउज. हातात तुनाली नावाचं तिकीट. हाल्दुन तिची बॅग धरून उभा. माझ्याकडे बघत नाही.

अधिकाऱ्यानं दोघींकडे पाहिलं, मग पुन्हा. म्हणतो जुळ्या का? बाबा म्हणाले, मला एकच मुलगी, ही. हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाले.

ठसे — तिचे जुळले. माझे कुठंच नाहीत. कुणाचेच नाहीत म्हणतो. जुन्या नोंदीतूनही गेले —

आता सह्या. तीन-तीन वेळा. जुन्या कागदाशी ताडून बघणार. माझ्या जुन्या सहीशी. म्हणजे माझी जमली तर मी खरी, नाही तर ती.

हात ऐकत नाही. म्हणून आधी इथं लिहून बघतेय. बाबा म्हणतात एकेक अक्षर घे, उतारावर गाडी अशीच धरायची, घाई नाही.

शेरमिन आक्सुंगुर

शेरमिन आक्सुंगुर

शेरमिन तु — नाही. खोडलं. पुन्हा.

तिनं तिच्या तिन्ही करून टाकल्या. एका दमात. वाट बघतेय. हसत नाही आता. हातातलं पेन इतकं घट्ट का धरलंय तिनं — तीही भ्यालीय. ती मला भितेय!

बघ मग. मी इथंच आहे. बघ

शेरमिन आक्

शेरमिन आक्सुं