एकवीस दिवसांचं इंजेक्शन

अलोरे, ६ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामांस,
आम्रपालीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर ऑपरेशनचा विषय निघाला की तुम्हाला नेमकं ऐकू येईनासं होतं, म्हणून हे पत्र. मनस्वी वाचून दाखवेल. तुमच्या शेजारची पोर असली तरी ती माझ्या बाजूची आहे.

परवा चिपळूणला हृदय तपासून घेतलं. झडपा ठणठणीत! लहानपणी सांध्यांचा ताप हृदयापर्यंत गेला होता म्हटल्यावर डॉक्टर चकितच झाले. मी सांगितलं, आमचे मामा शाळेत मास्तर होते. दर एकविसाव्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही बारा वर्षं. लहान होते तेव्हा वाटेतला वहाळ पाण्यानं भरला की तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात. एकदा तर सुईच्या भीतीनं मी तुम्हाला चावलेसुद्धा.

हे हृदय तुमच्यामुळे चालतंय, मामा. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कसले घाबरता? आणखी लांबवलं तर दृष्टीच जाईल म्हणतात. रत्नागिरीला २५ तारखेचा नंबर लावलाय. नाही म्हणू नका.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची भाची,
आम्रपाली

राजापूर, १२ नोव्हेंबर

चि. आम्रपालीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

हे उत्तर मनस्वीकडून लिहवून घेतलेलं नाही. ओळी एकमेकींवर चढतील, सांभाळून घे.

तुझे आभार मला सोसत नाहीत. तू आजारी पडलीस त्या वर्षी शाळेत मुलांची तपासणी करायला डॉक्टर यायचे होते. शाळा चांगली दिसावी म्हणून आदल्या दिवशी मीच खोकणाऱ्या, अशक्त पोरांना घरी राहायला सांगितलं. त्यात तू होतीस. गुडघे सुजलेले, चालताना धाप लागायची, तरीही.

नर्स शालनबाईंनी हजेरीपट पाहिला. अकरा मुलं कमी. त्यांनी जीप थांबवून ठेवली आणि घरोघर फिरल्या. तुला पाहिल्यावर डॉक्टरांना थेट तुमच्या अंगणात घेऊन आल्या, म्हणून तुझा आजार कळला. मला एवढंच म्हणाल्या की मास्तर, आजारी मुलांसाठीच तर आम्ही येतो. त्या आता हयात नाहीत. माझ्याकडून माफी मागायची राहून गेली, त्यांची आणि तुझीही.

आभार त्यांचे मान. माझ्यापायी रजा फुकट घालवू नकोस. या डोळ्यांचं व्हायचं ते होईल.

तुझा,
सखाराममामा

अलोरे, १८ नोव्हेंबर

ती. स्व. मामांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

राग आला. खोटं कशाला लिहू? दोन दिवस पत्र कपाटात टाकून ठेवलं होतं.

शालनबाईंची मी जन्मभर ऋणी आहे. पण त्या एकदा आल्या, मामा. पुढे बारा वर्षं दर एकविसाव्या दिवशी दाराशी कोण उभं असायचं? शरमेनं येत असाल, तरी आलात ना. मी दोघांचेही आभार मानणार. त्यात तुमची परवानगी नको.

रजा मंजूर झालीय. रविवारी संध्याकाळच्या एसटीनं येते. सोमवारी पट्टी बांधतील, मंगळवारी सोडतील. मी समोरच बसलेली असेन.

मनस्वी, आता पुढचं मोठ्यानं वाच. माफी समोरच्याचा चेहरा बघून मागायची असते, मामा. आधी मला नीट बघा, मग मागा. मी देणार आहे.

तुमचीच,
आम्रपाली