साळोबाच्या तोंडातल्या टाचण्या

४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम तुमच्या नावाने लिहिते आहे. फोन केला की दोन हुंकार देऊन तुम्ही तो आईच्या हातात कोंबता. ही बातमी मात्र तुमचीच आहे.

आमच्या कार्टून चित्रपटातलं साळिंदर अखेर सापडलं! चार महिने त्याने माझा जीव खाल्ला होता. जंगलातल्या सगळ्या प्राण्यांचे कपडे शिवणारा म्हातारा शिंपी, नाव साळोबा. पण कागदावर नुसता काट्यांचा गोळा दिसायचा. दिग्दर्शिकाबाई म्हणायच्या, की याला काटे आहेत, जीव कुठे आहे? मग सुट्टीत घरी आले. तुम्ही ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाची बाही बेतत होता. परत येऊन मी साळिंदराच्या पाठीवरचे चार काटे उपटले आणि टाचण्या म्हणून त्याच्या ओठांत दिले. साळोबा तिथेच जिवंत झाला.

आता एक चोरी कबूल करते. आमच्याकडे आवाज आधी आणि चित्र मागून, असा उलटा संसार असतो. पात्राचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि त्याबरहुकूम तोंड काढायचं. खरा नट येईपर्यंत आमच्यातलंच कोणीतरी बोलून ठेवतं; त्याला आम्ही कच्चा आवाज म्हणतो. मला शिवणाच्या मशीनचा खडखडाट हवा होता म्हणून घरी मी मशीनजवळ फोनचं रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं होतं. त्यात तुम्हीही आलात. टाचण्यांमुळे तुमचं ‘माप’ किती छान अडतं! आधी ओठ मिटून राहतात, मग शब्द उडी मारून बाहेर येतो. तेवढ्यासाठी मी टाचण्या गच्च धरलेल्या तोंडाची सतरा चित्रं काढली. तुमची वाक्यं तोडून-जोडून साळोबाच्या तोंडी दिली. काल शाळेतल्या मुलांना तुकडा दाखवला तर पोट धरधरून हसली. आता एक मोठा नट तुमचा आवाज ऐकून अडखळायचा सराव करतो आहे. आहात कुठे, बाबा?

आईला नमस्कार. चोर घरचाच आहे, तेव्हा माया कमी करू नये.

तुमची
गुंडी


१० जून

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

तुझे बाबा लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते आहे. तुझं पत्र त्यांनी उभ्यानेच वाचलं, आठ घड्या घातल्या आणि खडूच्या डब्याखाली ठेवलं. तेव्हापासून टाचण्यांना हात नाही आणि तोंडातून शब्द नाही. गिऱ्हाइकांना बोटांनी खुणा करतात. काल एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, की आता दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक शोधा. हसले नाहीत.

टाचण्यांमुळे अडतं असं तू लिहिलंस. तुझा दोष नाही, आम्हीच तुला कधी सांगितलं नाही. अडणं आधीपासून आहे, टाचण्या नंतर आल्या. शाळेत गुरुजी त्यांना धडा वाचायला उभं करायचे आणि वर्ग हसायचा. सातवीत एक दिवस ह्यांनी पुस्तक बाकावर ठेवलं आणि घर गाठलं. पुन्हा गेले नाहीत. काकांच्या दुकानात शिवण शिकताना कळलं, की तोंडात टाचण्या असल्या की कोणी बोलायला लावत नाही, आणि अडलंच तर लोक टाचण्यांना दोष देतात. तू पदवी घेतलीस तेव्हा प्राचार्यांना भेटायला मीच पुढे झाले होते. हे दाराबाहेर का थांबले, ते आता तुला उमगलं असेल.

जेवणाची हेळसांड करू नकोस. पण हे तुझं तूच निस्तर.

तुझी
आई


१४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र आल्यापासून मी एका जागी बसू शकलेले नाही. टेबलाशी जाते, पेन्सिलीला टोक करते, उठते. पेन्सिली संपत आल्या, चित्र एक नाही.

बाबा, मला माहीत नव्हतं. पण न विचारता घेतलं, ते तर माहीत होतं. बाईंकडे जाऊन मी सगळं सांगितलं आणि तुमचा आवाज काढून टाका म्हणाले. त्या चांगलंच बोलल्या, की हे आधी का विचारलं नाहीस. आवाज काढतो म्हणाल्या. पण नटाने तो पाठ केला आहे. दाराबाहेर उभी राहून मी त्याचा सराव ऐकला आणि काचेतून पाहिला. ‘म’ आला की तो डोळे गरगर फिरवतो, आणि आतले सगळे खिदळतात. तुम्ही कधी डोळे फिरवत नाही. मला तिथे उभं राहवेना.

मुलांना तुकडा दाखवताना त्यांचं चित्रण केलं होतं, तेही पुन्हा पाहिलं. खोटं सांगणार नाही, अडण्यालाही हसत होती. एक मुलगी मात्र साळोबाबरोबर स्वतःचे ओठ मिटून बसली होती, आणि त्याचा शब्द सुटला तेव्हा तिचे ओठ उघडले.

नटाचं ध्वनिमुद्रण २८ तारखेला आहे. तुम्ही म्हणाल तर साळोबा सरळ बोलेल. म्हणाल तर मी त्याला फाडून टाकेन. राजीनामा लिहून ठेवला आहे. ज्यांनी मला शिकवलं त्यांचंच हसं करायला मी शिकले नव्हते.

रागावलात तरी चालेल, पण गप्प राहू नका.

तुमची
गुंडी


१९ जून

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

कागदावर मी अडत नाही, म्हणून इथे सगळं बोलून घेतो.

राजीनामा फाड. कापड चुकलं म्हणून कात्री फेकत नाहीत. त्या दोन डाव्या बाह्यांची मी आईला पिशवी शिवली. भाजी नेहमी डावीकडेच कलते म्हणून ती कुरकुरते आहे.

राग आला होता. माप घेताना आपण गिऱ्हाइकाला आधी हात वर करायला सांगतो. न सांगता बगलेत टेप घातली तर कोणीही दचकेल. मी दचकलो, एवढंच. पण त्या सतरा चित्रांचा विचार करत राहिलो. माझ्या एका शब्दासाठी आजवर इतकं कोणी थांबलं नव्हतं. आईसुद्धा पाच मोजायच्या आत माझा शब्द पुरा करून टाकते. तिला हे कळवू नकोस.

साळोबाला सरळ बोलायला लावू नकोस. जंगलात एवढे प्राणी, एकजण अडला तर काय बिघडलं? पण तो डोळे फिरवणारा नको. माझ्या मापाचा कोट तो घालणार आणि लोक मला हसणार. मीच येतो. बाईंना विचार, चालेल का. मुलं हसली तर हसू देत. या खेपेला मी पुस्तक ठेवून घरी येणार नाही.

एकच अट. त्याच्या तोंडातल्या टाचण्या काढ. मी त्या लपायला धरल्या होत्या. त्याच्या पाठीवर एवढे काटे आहेत, ते पुरे.

प्रकृतीस जप.

तुझे
बाबा


२२ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाई म्हणाल्या, की वचन देत नाही, पण आधी शिंप्याला ऐकू आणि मगच नटाला. एवढं त्यांच्याकडून पुष्कळ आहे.

टाचण्या काढायला बसले. दोनशे चाळीस चित्रांतल्या खोडल्या, आणि खाली ओठच नव्हते. मी तिथे कधी काही काढलंच नव्हतं. आठवून काढायला गेले तर आठवेना. तेवीस वर्षं तुमच्यासमोर जेवले, तुमच्या मशीनखाली चिंध्या वेचत मोठी झाले, पात्रं घडवते म्हणून मिरवते. पण बोलताना तुमचे ओठ कसे दिसतात, ते मला ठाऊक नाही.

दोन दिवस आधी या. खिडकीपाशी खुर्ची ठेवली आहे, तिथे उजेड चांगला येतो. तुम्ही बोलायचं, काहीही, हवा तेवढा वेळ घेऊन. मी समोर बसून काढेन.

आणि या वेळी आधी विचारते, बाबा. बघू का?

उत्तराची वाट पाहत, पेन्सिलीला टोक करून बसलेली,
तुमची
गुंडी