धुतलेल्या बाटल्या

पहाटे दाराची कडी हळूच वाजली तेव्हा मी जागीच होते. बाळ तीन रात्रींनी कुठे शांत झोपलं होतं आणि तुझ्याशी बोलायचं त्राण नव्हतं, म्हणून डोळे मिटून पडून राहिले.

काल कामावर जाताना तू म्हणालास, "प्रभू या घरात आहे म्हणतेस ना, मग त्यालाच सांग की बाटल्या धुवायला!" मीही तोंडाला येईल ते बोलले. तू हल्ली प्रार्थनेला बसत नाहीस, त्याचा राग बाटल्यांवर निघाला. चुकलंच माझं.

मग नळ बारीक सोडल्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून बघितलं, तर रात्रपाळी करून आलेला माणूस बूटही न काढता दुधाच्या सहाही बाटल्या घासत उभा! कितीतरी दिवसांनी मी मनापासून म्हटलं, "प्रभू, आहेस रे बाबा." तुला हसू येईल. येऊ दे.

बाळाला डॉक्टरांकडे नेतेय, ताप अजून आहे. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. संध्याकाळी मात्र टेबलाशी आमच्याबरोबर बस. प्रार्थना म्हणू नकोस हवं तर, नुसता बस.

आपली चिमणी शाळेचे मोजे चढवता चढवता ओट्यावरच्या उपड्या बाटल्या बघतेय. कालचं भांडण तिने सगळं ऐकलंय. तिच्या प्रश्नाचं उत्तर उठलास की तूच सांग. विचारतेय, "आई, शेवटी बाटल्या कोणी धुतल्या? पप्पांनी की प्रभूने?"