थोरल्याच्या हातचं

तांडा, घाटंजी
१२ जानेवारी २०२५

चि. ममता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाकरी थापल्याचा थप् थप् आवाज अजून कानात आहे. आई चुलीपाशी, आणि त्या ठेक्यावर आम्ही दोघे भाऊ शाळेतली कविता म्हणायचो. तुझा बाप धनसिंग तेव्हा तुरीच्या काडीएवढा. दीड भाकरीवर हात आखडायचा. पोट पुरे म्हनते, म्हणायचा.

तोच माझ्या नातवाच्या, शामच्या लग्नात सात लाडवांवरही थांबेना. भर पंगतीत मी हसून विचारलं, धन्या, पोट आहे की कोठी? तेव्हापासून महागावहून तो इकडे फिरकला नाही, फोन उचलत नाही. अठ्ठ्याहत्तर वय झालं माझं. भाऊ असा तुटून जायचा का? दवाखान्यात तू लोकांना आहाराचं सांगतेस. त्याले म्हणावं, जिभेला लगाम घाल अन् राग सोड.

तुझे मोठे बाबा,
सेवादास

यवतमाळ
२० जानेवारी

ती. मोठे बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही म्हणतात. आणि दोष जिभेचा नाहीच. अंगावरची चरबी मेंदूला सांगावा धाडत असते, साठा पुरे आहे म्हणून. वर्षानुवर्षं तळलेलं, गोडधोड खाल्लं की मेंदू त्या सांगाव्याला बधिर होत जातो. सांगावा निघतो, पण ऐकू येत नाही. भरल्या पोटीही भूक. उंदरांत हे नीट दिसलंय, माणसांतही खुणा सापडतात. यात हावरेपणा कुठला?

रागवाल तर रागवा, पण आपल्यात थोरल्यानं वाढलेलं धाकटा नाकारत नाही. त्या सातांतले पाच लाडू कोणाच्या हातचे होते?

तुमचीच,
ममता

तांडा, घाटंजी
२ फेब्रुवारी

चि. ममते, आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. पाचही माझेच गं. आई गेल्यावर तिच्या जागी मीच त्याले वाढत आलो. त्याचं ताट भरलं की कडवं पाठ झाल्यागत सुख वाटे. मग त्यालाच हसलो! येत्या रविवारी महागावला जाऊन माफी मागेन म्हणतो. शब्द जुळवून राह्यलो, जमत नाहीत. या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

मोठे बाबा

ता. क. लिफाफा चिकटवणार, तोच दारात धनसिंग. घामाघूम, दम लागलेला. पोरीनं समजावलं म्हणून जेवायला आलो, पण आज माह्या हातानं वाढून घेईन, असं बाहेरूनच म्हणून राह्यला. डाव त्याच्या हाती द्यायला उठतो आहे.