मालनबाईंनी धाडलेला पाला

चांदवड,
२८ डिसेंबर १९८३

प्रिय लता,
सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत बरी असेल. आई कशा आहेत? त्यांना माझा नमस्कार सांग.

वरती गावाचं नाव वाचून तू थांबली असशील. होय, मी चांदवडला आहे. गेल्या वर्षी आपण उतरलो होतो त्याच मालनबाईंच्या वस्तीवर. काल दुपारपासून अवकाळी पाऊस लागलाय. कपडे वाळत नाहीत, बोटं गारठल्यामुळे अक्षर वाकडं येतंय. म्हणून आज मुक्कामच. मी, सुमन आणि तिची बहीण ओसरीवर गोधड्या पांघरून बसलोय. उद्या उघडलं तर दोन दिवसांत येवला गाठू, की संपलं.

यंदा नाताळच्या सुट्टीत नाशिक ते येवला कुणीच चालायला जात नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. सुमनचं म्हणणं पडलं की तुझ्या दम्यामुळे मागच्या खेपेला फार थांबावं लागलं. तू नवे कॅनव्हासचे बूट घेतले होतेस. ते दुकानात परत करून आलीस, तरी मी गप्पच बसले.

हे मी तुला कळूही दिलं नसतं. पण काल भिजून इथं पोचलो, तर चुलीपुढं बसवता बसवता मालनबाईंनी पहिलं हेच विचारलं, "अन् त्या खोकणाऱ्या बाई कुठं हायेत?"

सुमन माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "ती आजारी आहे."

"लय आजारी?"

"हो. अंथरुणातून उठता येत नाही."

इतकं का बोलले, कळत नाही. बोलल्यावर मागे घेता येईना.

आज सकाळी मालनबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन भर पावसात बाहेर पडल्या. कांद्याच्या वाफ्यांत पाणी साचलंय, ते काढायला गेल्या असतील असं मला वाटलं. परत आल्या त्या अडुळशाचा पाला घेऊन. लुगडं पिळून निघेल इतक्या भिजलेल्या.

"बाईंला काढा करून द्या. आमची आई यानंच उठली व्हती."

पाला हातात घेतला आणि मला रडू कोसळलं. त्यांना वाटलं, तुझ्या काळजीनं. जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग मात्र राहवेना. सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला.

"मंग हे त्यांलाच सांगा की," एवढंच म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

त्यांचा भाऊ वाल्मीक उद्या पहिल्या एस.टी.नं नाशिकला येतोय. पत्र आणि पाला त्याच्या हाती देते. पाला मालनबाईंचा आहे गं, माझ्यावरच्या रागापायी टाकू नकोस.

आणि वर सुमनचं नाव घातलं, तेही खरं नाही. तुला वगळायचं मीच सुचवलं. ती नको म्हणत होती. गेल्या वर्षी तू मागं पडलीस की ती थांबायची. मी पुढं निघून जायचे, आणि तू सगळ्यांना कौतुकानं सांगायचीस, यशोदेला चालायची किती हौस. हौस नव्हती, लता. तुझी धाप ऐकू येऊ नये म्हणून मी पाय उचलायचे.

माफ कर, असं लिहायला हात धजत नाही. सोमवारी शाळेत तुझ्यासमोर येईन. तू बोललीस तर ऐकेन, नाही बोललीस तरी निघून जाणार नाही.

तुझी म्हणायचा हक्क तुझ्यावर सोपवून,
यशोदा