कोंडलेला उंट

शिरूर कासार, १४ नोव्हेंबर २०२५

बुद्धिबळावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, क्षमा असावी. पण तो उंट संध्याकाळपासून मनातून जात नाही.

महिलांच्या एका जुन्या स्पर्धेतील डाव आज पुस्तकातून पटावर मांडला. काळ्या बाजूने फ्रेंच बचाव. पहिल्याच चालीत राजापुढचे प्यादे एकच घर सरकते आणि आपला उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. शत्रूने नव्हे, घरच्यांनी.

मटकी निवडता निवडता आई म्हणाली, "रविवारी तुला बघायला पाव्हणे येणार हायेत. त्ये उंट-घोडे उचल आता."

"रविवारीच बीडला स्पर्धा आहे, आई."

"मग पाव्हण्यायला काय सांगू, पोरगी उंटावर बसून गेली?"

वडील, आमचे अण्णा, हसले. मीही हसले. का हसले मी?

त्या डावातली खेळाडू उंटासाठी भांडत नाही. बाजूचे एक साधे प्यादे पुढे करते, आणि तो कडेच्या वाटेने तिरका बाहेर पडतो.

आताच शाळेतल्या सरांना संदेश पाठवला: रविवारच्या स्पर्धेत माझे नाव घालावे. अण्णांना अजून सांगितलेले नाही. पाठवल्याची वेळ: आजच, शुक्रवार, सायंकाळी सात वाजून चाळीस मिनिटे.