नेत्याने शेवटी यावे

शनिवार, १० ऑगस्ट

ठरलं. यंदा जयपूरच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष मी.

आनंदराव चार वर्षं अध्यक्ष आहेत. आता पुरे. रेल्वेतून रिटायर झालेल्या माणसाने गणपतीत खुर्चीवर बसावं आणि आरतीला टाळ्या वाजवाव्यात. निवड एक सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये. निवड म्हणजे फक्त हात वर करायचे. पण हात वर व्हायला माणसं आधी भारावलेली लागतात. काहीतरी करायला हवं.

इंदुमतीला सांगितलं. भेंडी चिरता चिरता ‘बरं’ म्हणाली. बायकोचा एवढा भक्कम पाठिंबा फार थोड्यांच्या नशिबी असतो.

सोमवार, १२ ऑगस्ट

योजना सापडली. मोबाइलवर जाहिरात आली: ‘ट्रॉपिकल जंगल वॉटरफॉल्स. गाइडेड डे ट्रिप.’ बुंदीच्या पुढे जंगलात धबधबा आहे. सकाळी जयपूरहून बस, दुपारी जेवण, रात्रीपर्यंत घरी. मंडळाची सहल, नेतृत्व माझं.

गाइड त्यांचा आहे, पण तो नावापुरता. धबधबे आपल्या महाराष्ट्राच्या रक्तात आहेत. माझ्या परभणीत धबधबा नाही हे खरं. पण महाराष्ट्रात आहेत, आणि परभणी महाराष्ट्रातच आहे.

ग्रुपवर मेसेज टाकला. आनंदरावांनी लिहिलं, ‘छान कल्पना, आयोजन कोण करणार?’ मी लिहिलं, ‘मीच.’ त्यानंतर ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. लोक भारावायला लागले.

बुधवार, १४ ऑगस्ट

संकल्प: आजपासून रोज पहाटे पाच वाजता सेंट्रल पार्कात चालणे. जंगलात नेत्याला दम लागून चालत नाही.

साडेसातला उठलो. मनाने मात्र पाचलाच उठलो होतो.

संध्याकाळी राजा पार्कच्या बाजारात ट्रेकिंगचे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, ‘साब, इसमें तो आप पहाड़ से भी नहीं फिसलेंगे.’ माणूस बघूनच बोलला असणार. स्टॅमिनासाठी दोन प्याज कचोऱ्या खाल्ल्या.

रविवार, १८ ऑगस्ट

सहलीची तयारी म्हणून सगळ्यांना घरी बोलावलं. मी पाऊण तास बोललो. सुभेदारांच्या मिसेस, प्रणालीताई, मध्येच म्हणाल्या, मुलांना पाण्यात किती वेळ खेळता येईल? मी सांगितलं, माझं भाषण झाल्यावर. बाई बऱ्या आहेत, पण त्यांना कार्यक्रमाचा गाभा कळत नाही.

कोण कुठे बसणार ते मीच ठरवलं. पहिल्या सीटवर मी, कारण माइक तिथे आहे. इंदुमती म्हणाली, ‘अहो, मला बस लागते, मला पुढे बसू द्या.’ मी म्हटलं, नेत्याच्या घरच्यांनी त्याग करायचा असतो. तिला शेवटची सीट दिली. शिवाय तिच्याकडे पोह्यांचे डबे आहेत, ते मागेच बरे.

उत्कर्षा म्हणाली, ‘पप्पा, मतलब, मम्मीला मागे उलटी होईल ना.’ मी म्हटलं, ‘मतलब’ नव्हे, ‘म्हणजे’. एकोणीस वर्षांची झाली, पण मराठी सुधारत नाही.

चालण्याचा संकल्प सोमवारपासून. नव्या बुटांना आधी घरात आराम द्यावा लागतो.

रविवार, २५ ऑगस्ट. दुपार. धबधब्याजवळ

वेळ मिळाला तसं लिहितो. प्रवास अभूतपूर्व.

गाइड कौशिक नावाचा पोरगा. केसांना जेल, डोळ्यांवर गॉगल. मला ‘अंकल जी’ म्हणतो. त्याने माइक घेऊन बुंदीच्या राजांचं काहीतरी सुरू केलं. मी माइक काढून घेतला आणि वाटेतल्या टोंक शहरापर्यंत परत दिला नाही. आधी माझ्या बालपणावर बोललो, मग एकेका मुलाला उभं करून मराठी म्हणी विचारल्या. सुभेदारांचा धाकटा रडला. अशी रडलेली मुलंच पुढे भाषेवर प्रेम करतात.

नाश्त्याला कोणी उतरायचं नाही असं मीच ठरवलं, वेळ वाचतो. लोक कुरकुरले.

टोंकच्या पुढे इंदुमतीला तीनदा उलटी झाली. वातावरण हलकं करायला मी पुन्हा माइक घेऊन म्हटलं, ‘कोणी मनावर घेऊ नका, ही आमच्या वरातीतही अशीच ओकली होती. मला बघून!’ प्रचंड हशा. निदान मी तरी खूप हसलो. बाकीच्यांचा आवाज इंजिनामुळे ऐकू आला नसेल.

जंगलाला ट्रॉपिकल म्हणतात, पण झाडं आपली साधीच आहेत. पाणी मात्र जोरदार. कौशिक म्हणाला, शेवाळ आहे, या वाटेने या. मी दुसरी वाट घेतली. बूट उत्तम आहेत. घसरलो तो दगडाच्या चुकीमुळे. आनंदराव हात द्यायला आले, मी नाकारला. विरोधकाचा हात घेतला की मतं जातात. मग तसाच बसून, हळूहळू सरकत खाली आलो. पॅन्ट मागून फाटली आहे. शर्ट बाहेर काढला आहे.

इंदुमती पाण्यात पाय सोडून बसली होती. प्रणालीताईंनी काहीतरी सांगितलं तेव्हा हसली. तिला हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मी गेल्यावर थांबली. नवऱ्याचा आदर.

कौशिक म्हणतो, चार वाजता सगळे बसजवळ. मी थोडा उशिरा जाणार. नेत्याने शेवटी यावं. सगळे जमलेले, नजरा वाटेकडे, आणि मी झाडीतून बाहेर येतो. तिथेच अध्यक्षपदाचं भाषण. तोवर इथे खडकाआड सराव.

तोच दिवस. संध्याकाळ. वनखात्याची चौकी

बस दिसत नाही.

वळवायला गेली असावी. मोठी बस आहे, वळवायला जागा लागते.

चौकीवर भगवान सिंग नावाचा माणूस आहे. मी न मागता त्याने चहा दिला आणि बसायला खाट दिली. मी त्याला म्हटलं, आता धावत येतील बघ, माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. तो ‘हां साब’ म्हणाला. त्याला भाषणाचा पूर्वार्ध ऐकवला. मराठीत होतं, पण चेहरा गंभीर होता, म्हणजे पोचलं.

मोबाइलला नेटवर्क नाही. तिकडे काय हाहाकार माजला असेल! इंदुमतीची तर शुद्धच हरपली असेल. तिला माझ्याशिवाय रस्ता ओलांडता येत नाही.

एक बकऱ्यांची पिकअप चौकीसमोर थांबली. मी हातही दाखवला नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, ‘आप ही हो ना जो रह गए? बैठो.’ व्यक्तिमत्त्व असलं की अनोळखी माणूससुद्धा थांबतो. पुढे जागा नव्हती. मागे बकऱ्यांत बसलो.

सोमवार, २६ ऑगस्ट. जन्माष्टमीची सुट्टी

पिकअपने हायवेवरच्या देवळी गावाला सोडलं. तिथून रोडवेजच्या बसमध्ये उभ्याने जयपूर. सोडाल्याच्या घरी पोचलो तेव्हा घरात अंधार. बेल आत बऱ्याच वेळाने ऐकू गेली. इंदुमती डोळे चोळत आली आणि म्हणाली, ‘आलात?’ पुन्हा जाऊन झोपली. धक्क्यामुळे माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही.

सकाळी विचारलं, मी नाही हे कळलं नाही का? म्हणाली, ‘मला वाटलं तुम्ही ड्रायव्हरच्या केबिनमध्ये आहात.’ साहजिक आहे. पुढे असणारा माणूस पुढेच असेल असं वाटतं.

परतताना ती पहिल्या सीटवर बसली म्हणे. एकही उलटी झाली नाही. धबधब्याची हवा मानवली. याचं श्रेय सहलीला, म्हणजे मलाच.

अंगाला बकऱ्यांचा वास येतोय. दोनदा आंघोळ केली.

बुधवार, २८ ऑगस्ट

मंडळातून एकाचाही फोन नाही. लाज वाटत असणार. सगळ्यांना माफ केलं.

कौशिकला नाही. माणसं मोजणं हे गाइडचं काम. ट्रॅव्हल्सच्या मालवीय नगरच्या ऑफिसात जाऊन साहेबासमोर तक्रार केली. म्हटलं, मी रेल्वेत सुपरिंटेंडेंट आहे, वर्तमानपत्रात जाईन, या पोराला काढा. साहेब घाबरला. त्याने पाणी मागवलं.

घरी सांगितलं. उत्कर्षा जेवता जेवता उठून गेली. तिची परीक्षा जवळ आली असेल.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

ट्रॅव्हल्सचा फोन आला. कौशिकला काढलं. न्याय झाला. भाषणात ‘अन्यायाविरुद्ध मी नेहमीच उभा राहिलो’ हे वाक्य घातलं.

रविवार, १ सप्टेंबर

मीटिंग आनंदरावांच्या घरी. मी इस्त्रीचा कुर्ता घालून गेलो, मुद्दाम उशिरा.

आनंदराव म्हणाले, मी आता बाजूला होतो, नवीन नावं सांगा. मी स्वतःचं नाव सांगितलं आणि सोपं पडावं म्हणून म्हटलं, ‘ज्यांना शेषराव अध्यक्ष हवेत त्यांनी हात वर करावेत.’

कोणाचाच हात वर झाला नाही. कोपऱ्यात कोणीतरी खुदकन हसलं, मग दुसरं, मग सगळी खोली. सुभेदारांना ठसका लागला. प्रणालीताई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या. बाहेर आल्या तेव्हा त्या अध्यक्ष झाल्या होत्या.

यात विनोदी काय होतं ते कळलं नाही. इंदुमती हसली नाही. ती जमिनीकडे बघत होती.

घरी आल्यावर मी म्हटलं, या सगळ्याचं मूळ तो कौशिक. त्याने मला मागे ठेवलं, तिथून माझी छाप गेली. तेव्हा उत्कर्षा ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा.

ती म्हणाली, ‘पप्पा, बस करा! सगळ्यांना पता होतं!’

मी म्हटलं, ‘पता’ नव्हे, ‘माहीत’.

ती म्हणाली, ‘हो, माहीत! सगळ्यांना माहीत होतं!’ आणि मग तिने तिच्या मोडक्या मराठीत सगळं सांगितलं.

बस सुटल्यावर कौशिकने मोजणी केली. बस कच्च्या रस्त्यावरच होती, हायवे यायचा होता. तो माइकवर म्हणाला, अंकल जी रह गए, गाड़ी घुमाओ.  मग मागून कोणीतरी म्हणालं, राहू दे. तो म्हणाला, असं कसं राहू दे? तेव्हा सुभेदार म्हणाले, मत घेऊ, ज्यांना पुढे जायचंय त्यांनी हात वर करा. हात वर झाले. कौशिक बराच वेळ भांडला. कोणी ऐकेना, तेव्हा त्याने बस थांबवून रस्त्यावरच्या एका मोटारसायकलवाल्याबरोबर चौकीला निरोप पाठवला की साहेबांना चहा द्या, आणि एका पिकअपवाल्याला हात जोडून तिकडे वळवलं.

‘आणि तुम्ही त्याची नोकरी घालवली,’ उत्कर्षा म्हणाली. ‘त्याच्या घरी तो एकटाच कमावतो, पप्पा. कंपनीला फोन करा.’

मी विचारलं, तू हात वर केलास?

ती रडायला लागली. मी पुन्हा विचारलं नाही.

सोमवार, २ सप्टेंबर. दुपार

ऑफिसला गेलो नाही. सकाळी ट्रॅव्हल्सला फोन लावला. एंगेज लागला. तक्रार मागे घेतली तर साहेबाला वाटेल मी खोटं बोललो होतो, आणि खोटं मी बोललो नव्हतो. पोरगा तरुण आहे, त्याला दुसरी नोकरी मिळेल. त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

इंदुमतीला विचारलं, हे खरं का? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ‘हो’ म्हणाली.

‘राहू दे’ असं मागून कोण म्हणालं?

म्हणाली, ‘मी.’

मी म्हटलं, रागाच्या भरात माणूस बोलतो. ती म्हणाली, राग नव्हता. तिला फक्त पुढे बसायचं होतं. पहिला हात तिचाच होता. तिने वर केला म्हणून बाकीच्यांना धीर आला. मग ती उठून पुढे गेली, खिडकी उघडली. जयपूर येईपर्यंत कोणी माइक हातात घेतला नाही. ‘इतकी छान बस मी कधी पाहिली नव्हती,’ असं म्हणाली आणि माझ्या बनियनची घडी घालून ठेवली.

मी विचारलं, सगळ्यांनीच हात वर केले? झाडून सगळ्यांनी?

तिने थोडा विचार केला. म्हणाली, ‘नाही. कौशिक सोडून अजून एकाने नाही केला.’ तेवढ्यात खाली भाजीवाला ओरडला आणि ती पिशवी घेऊन गेली.

एक माणूस! भर बसमध्ये, सगळ्यांच्या विरोधात, माझ्यासाठी एक माणूस हात खाली ठेवून बसला. दुपारभर विचार करतोय. आनंदराव असावेत. मनाचा मोठा माणूस, मीच ओळखलं नाही. किंवा सुभेदारांचा धाकटा, मराठीची गोडी लागलेला. पुढच्या वर्षीची निवडणूक या एका माणसापासून सुरू करायची. आधी त्याला घरी जेवायला बोलवायचं. गोडाचं करायचं.

संध्याकाळ

इंदुमतीला विचारलं.

ड्रायव्हर होता. स्टिअरिंगवरचे हात काढता येत नव्हते.